घरचा वाफा

एका गावात एक मळेकरी राहत होता, अशी गोष्ट सुरू करायची रीत आहे. पण त्या गावात एकटादुकटा मळेकरी नव्हता, घरटी एक होता. नदीकाठची काळीभोर जमीन, बारमाही पाण्याच्या विहिरी आणि डोंगर ओलांडला की मोठी पेठ. त्या पेठेत दर मंगळवारी बाजार भरायचा. पेठेला भाजी पुरवावी आणि आपण सुखाने चार घास खावेत, हा गावाचा वाडवडिलांपासूनचा धंदा. आपली गोष्ट त्यातल्या एका मळेकऱ्याची. त्याला सगळे आबा म्हणत.

या गावात एक रीत होती. ती कुणी कुणाला बसवून शिकवलेली नव्हती आणि गावाबाहेर तर तिचा शब्दही कुणी काढत नसे. प्रत्येकाच्या मळ्यात, विहिरीला लागून, एक लहानसा वाफा वेगळा राखलेला असायचा. त्याला म्हणायचे घरचा वाफा. मळ्याला गोणीतलं खत आणि पंपातलं औषध. घरच्या वाफ्याला शेणखत, चुलीतली राख आणि ताकाची निवळ. (कीड मारायच्या विषाला तिथे औषधच म्हणत, जसा काही पिकाला ताप आला होता.) मळ्यातली भाजी पेठेत जायची, वाफ्यातली घरात शिजायची. नवी सून घरात आली की सासू पहिल्याच दिवशी सांगायची, "भाजी हिकडची तोडायची. तिकडची न्हाई." सून शहाणी असेल तर का म्हणून विचारत नसे. आजवर सगळ्याच सुना शहाण्या निघाल्या होत्या. लेकींना तर वाफा वेगळा का, ते सांगायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

आबाही याच गावचा. पारावर कुणी विषय काढलाच, तर तो तंबाखू मळत म्हणायचा, "बाजाराला काय पोट असतंय व्हय?" मग सगळे हसायचे आणि उठून आपापल्या मळ्याकडे जायचे.

पारावर हा मळेकरी असा हसतमुख, पण घरी गेला की त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक, गोदा, पेठेतल्या एका मोठ्या दुकानदाराच्या घरी दिली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो घरच्या वाफ्यातल्या काकड्यांची पाटी डोक्यावर घेऊन तिच्याकडे गेला होता. गोदाची सासू पाटी बघून हसत म्हणाली, "एवढं वझं कशाला आणलंत? हितं बाजारात काय काकडी मिळत न्हाई?" बाईच्या मनात काही नव्हतं, सहज बोलली. पण मानी माणसाला थट्टा आणि टोमणा यांतला फरक कळत नाही. मळेकऱ्याने पाटी तिथेच ओसरीवर ठेवली, चहा न पिता निघाला, आणि पुन्हा त्या उंबऱ्याला गेला नाही.

आता लेकीला माहेरी आणायची म्हणजे मुराळी जायला हवा. माहेरचं कुणीतरी न्यायला आल्याशिवाय सून माहेरी जात नाही, अशी तिकडची रीत. भाऊ असता तर गेला असता. भाऊ नव्हता, आणि बापाचा पाय उचलत नव्हता. सण येत होते आणि जात होते. गोदा गाडीवानाबरोबर निरोप धाडायची, "आबांना म्हणावं, बरी हाय. तुमी कवा येता?" गाडीवान निरोप सांगायचा, मळेकरी "बरं" म्हणायचा आणि बैलांना वैरण टाकायला वळायचा. अशी सात वर्षं गेली.

घरच्या वाफ्यात बायकोच्या हातच्या बियाणाची काकडी होती. शेंड्याला हिरवी, पोटाला पांढरी, अंगावर बारीक काळी लव. तसली काकडी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मळ्यातही तेच बियाणं टाकलेलं होतं, आणि पेठेत त्या काकडीला फार मागणी. पण वाफ्यातल्या वेलाला लागायच्या त्या काकड्या एकट्या माणसाने खाव्यात तरी किती? शेजाऱ्याला द्याव्या तर त्याचाही स्वतःचा वाफा. दिवस मावळताना तो भाकरी थापायचा, काकडीचं टोक कापून ते घासून फेस काढायचा आणि सवयीने उभ्या दोन फोडी करायचा. एक खायचा. दुसरी ताटात तशीच राहायची. ती तो म्हशीला घालायचा आणि तिला म्हणायचा, "खा बाई, तू तरी खा." वेलावर उरलेल्या काकड्या पिवळ्या पडून गळायच्या. चांगलंचुंगलं पिकवायचं आणि ते खायला कुणी नसायचं, यासारखं दुसरं दुःख नाही. पण ते तो कुणाला सांगणार?

गावाचा सगळा माल एकच गाडीवान पेठेत न्यायचा. एकदा काय झालं, ऐन मंगळवारी गाडीवानाच्या लेकीचा साखरपुडा निघाला. त्या आठवड्यापुरता ज्याने त्याने आपला माल आपण न्यावा, असं ठरलं. मळेकऱ्याला काही सबब मिळेना. सोमवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याने नाकाला फडकं बांधलं, पाठीला पंप लावला आणि मळ्यातल्या वेलांवर औषध मारलं. सोमवारी औषध मारलं की मंगळवारी माल कसा चकचकीत दिसतो, फळमाशीचा डाग राहत नाही. औषध मारून किती दिवस तोडणी करू नये, ते डब्यावर लिहिलेलं होतं. पण डब्यावरचं वाचतो कोण? पहाटे त्याने काकड्या तोडल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, पोती भरली आणि गाडी जुंपली.

पेठेत तान्हूबाई नावाची भाजीवाली त्याचा माल घ्यायची. बाई तोंडाने फटकळ, पण व्यवहाराला चोख. तिच्या ताडपत्रीवर त्याने पोती रिकामी केली आणि तिच्या मागे, पोत्यांच्या आडोशाला, पाणी प्यायला बसला. एवढ्यात ओळखीचा आवाज कानावर आला.

"तान्हूबाई, माझी काकडी ठेवलीय न्हवं?"

गोदा होती. हातात कापडी पिशवी. सात वर्षांत लेक रोडावली होती, की बापालाच तशी वाटली, कोण जाणे.

"ठेवलीय की वैनी," तान्हूबाई म्हणाली. "तुमी आल्याबिगर पाटीला कुणाचा हात लागू देत न्हाई मी."

गोदाने ढिगातली एक काकडी उचलली आणि नाकाशी धरली. "आईच्या बियाची हाय ही. अंधारात दिली तरी वळकीन," ती म्हणाली. मग जरा हसून पुढे बोलली, "घरी समदी मला हसत्यात बगा. म्हणत्यात, मंगळवार आला की हिला काकडीचं डोहाळं लागत्यात. आता त्यास्नी काय सांगायचं? मला न्यायला माहेरचं कुणी येत न्हाई. तवा ही येती, तिलाच माहेर म्हणायचं."

पोत्यांमागे मळेकऱ्याने तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला. आपली लेक दर मंगळवारी आपल्याच मळ्यातली काकडी हुडकून घेते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. हाक मारावी असं फार मनात आलं. सात वर्षांच्या अबोल्यानंतर पहिला शब्द कुठला काढावा, तेच सुचेना.

तेवढ्यात गोदाने ती काकडी पदराला पुसली. लहानपणी विहिरीच्या काठावर बसून वेलावरची काकडी ती अशीच पुसायची आणि कच्चकन चावायची. तिने ती तोंडाकडे नेली.

मळेकरी कसा उठला आणि पोती ओलांडून पुढे कसा आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "नगं."

"आबा?" गोदा म्हणाली. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. तो आनंद पुढे त्याला जन्मभर विसरता आला नाही. "आबा, तुमी हितं? कवा आलात? अन् हात का धरलाय माझा?"

"कडू हाय ती," मळेकरी म्हणाला. खोटं बोलायला माणसाला विचार करावा लागत नाही. "टाकून दे."

झालं, तान्हूबाई उसळली. "कडू? माझ्या ताडपत्रीवरची काकडी कडू? आवं, तुमचाच की वो माल. तुमीच नाव ठेवाय लागला, तर गिऱ्हाईकानं काय करावं?" तिने विळी पुढे ओढली, टपाटप फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं आणि उभ्या असलेल्या चार माणसांच्या तळहातावर एकेक फोड ठेवली. "घ्या, खाऊन बगा आन् मग बोला." तपकीर ओढणारी एक म्हातारी होती, तिच्या हातावर ठेवली. गोदाच्याही हातावर ठेवली.

गोदा हसायला लागली. "आबा, आईच्या वेलाची काकडी कधी कडू निघालीय का?"

आता मळेकऱ्याने गप्प बसायचं म्हटलं असतं तर गप्प बसता येत होतं. लोक दर मंगळवारी खात होते, तसं आजही त्यांनी खाल्लं असतं. कुणी तिथल्या तिथे कोसळलं नसतं. गोदा त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली असती, सासूने या वेळी आग्रहाने चहा केला असता. सात वर्षांनी लेक त्याच्याकडे बघून हसत होती. हातात आलेलं एवढं सुख कोण सोडेल? पण फोड तिच्या ओठांपाशी पोचली होती, आणि काल संध्याकाळी फडक्यातून नाकात गेलेला तो उग्र वास त्याला आठवला.

"खाऊ नगासा कुणी," तो म्हणाला. "काल सांजंला औषध मारलंय तिच्यावर. दर सोमवारी मारतो."

माणसांनी हातातल्या फोडी खाली टाकल्या. तान्हूबाईच्या विळीवरची काकडी तशीच राहिली. आजूबाजूची गिऱ्हाइकंही थांबून ऐकू लागली. तपकीरवाली म्हातारी तेवढी पुढे आली आणि तिने अगदी शांतपणे विचारलं, "तुझ्या लेकीनं तोंडाला लावली, तवा तू तिचा हात धरलास. आमी बी वर्सानुवर्सं खातूय बाबा. आमचा हात कुणी धरायचा?"

मळेकऱ्याने मान खाली घातली.

गोदा मात्र त्याच्याकडेच बघत होती. "आबा," तिने विचारलं, "हिरीजवळच्या वाफ्याला बी मारता?"

"न्हाई," तो घाईने म्हणाला. "तितं कवाच न्हाई."

लेकीला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला होता. पण शब्द तोंडातून निघाला आणि आपण काय कबूल करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याला सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्याने स्वतःपुरता वाफा राखला होता.

"दर मंगळवारी," गोदा पुटपुटली. "सात वर्सं." तिने फोड खाली टाकली, दुसऱ्या हातातली काकडी पुन्हा ढिगावर ठेवली, रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि गर्दीतून निघून गेली. मळेकरी दोन पावलं तिच्यामागे गेला आणि थांबला. हाक मारून तिला सांगणार काय होता?

तान्हूबाईने सगळी काकडी पुन्हा पोत्यात भरून दिली. रस्त्यात ओढ्याकाठी त्याने खड्डा खणला आणि पोती पुरून टाकली. घरी येऊन भाकरी केली नाही. म्हैस हंबरत राहिली, तिच्याशीही त्या दिवशी कुणी बोललं नाही.

बातमीला पाय असतात. त्याची गाडी घरी पोचायच्या आधी गावाला सगळं कळलं होतं. पेठेत त्या मंगळवारी या गावच्या कुठल्याच मालाला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला थोरला मळेकरी चार जणांना घेऊन अंगणात आला.

"आबा, घरातली गोष्ट बाजारात बोलायची असती व्हय?" थोरला म्हणाला. "आमच्या ताटात माती कालवलीस. बरं, झालं ते झालं. येत्या मंगळवारी पेठेत चल. म्हणावं, उन्हानं डोस्कं फिरलं हुतं, कायबाय बोलून गेलो. आमी समदी तुझ्या संगं हुबी ऱ्हातो. मग पुन्यांदा पहिल्यावाणी पारावर ये. आमाला बी तुझ्याबिगर करमत न्हाई."

शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच मळेकऱ्याला फार लागलं. लेक गेली होती. आता उरलासुरला पारही जाणार होता. त्याने सगळ्यांकडे बघितलं. यांच्याबरोबर तो विटीदांडू खेळला होता, यांच्याच खांद्यावरून त्याची बायको गेली होती.

"एक सांगा मला," तो म्हणाला. "आज तुमच्या घरात कुठली काकडी कापली?"

एकाने पागोटं सारखं केलं, दुसऱ्याने उगीच खाकरून घेतलं. मग थोरला म्हणाला, "तुझी मर्जी," आणि सगळे आले तसे निघून गेले.

त्या दिवसापासून गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. वाळीत टाकलं असं कुणी तोंडाने म्हटलं नाही, तसं म्हणायची गरजही पडली नाही. तो पारावर गेला की बसलेल्यांना कामं आठवायची. गिरणीत त्याचं पीठ दळून मिळायचं, पण पिठाबरोबर मिळायच्या त्या चार गप्पा मिळेनाशा झाल्या. पोळ्याला त्याचे बैल एकटेच वेशीतून आले.

मळेकऱ्याने पंप खुंटीला टांगला तो टांगलाच. विहिरीजवळच्या वाफ्यात जे करत होता, ते आता सगळ्या मळ्यात करायचं त्याने ठरवलं. आता वाफा म्हणजे चार हातांचा आणि मळा म्हणजे एकराचा, आणि बोलणं सोपं असतं. म्हशीचं आणि बैलांचं शेण पुरेना. तो नदीकाठचा पाला वाहून आणायचा, उसाचं पाचट वेलांच्या बुडाशी पसरायचा. निंबोळ्या वेचून, कुटून, रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी कडुलिंबाच्या डहाळीने वेलांवर शिंपडायचा. पानांवर पांढरी भुरी धरली की आंबट ताक शिंपडायचा. बांधाला झेंडू लावला. हे सगळं एकट्याच्या हाताने.

पहिल्या हंगामात त्याचे धिंडवडे निघाले. इतकी वर्षं गोणीच्या खतावर पोसलेली जमीन नुसत्या शेणखताला दाद देईना. फळमाशीने निम्म्याहून जास्त काकड्या डंखल्या. ज्या वाचल्या त्या वाकड्यातिकड्या. शेजारच्या मळ्यात सरळ, हिरवीगार काकडी लोंबत होती आणि तिकडून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "देवाला वाहायची दिसतीया आबाची काकडी." ते ऐकून त्याने एकदा खुंटीवरचा पंप उतरवलाही. पण पाठीला लावताना म्हातारीचा प्रश्न आठवला आणि त्याने तो पुन्हा खुंटीला अडकवला.

दुसऱ्या हंगामात माती हाताला भुसभुशीत लागायला लागली. नांगराच्या तासात गांडुळं दिसली, आणि गांडुळांमागे बगळे आले. वेलांच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या आल्या. त्याच्या ध्यानात आलं की सोमवारी संध्याकाळी डोकं ठणकायचं, डोळे चुरचुरायचे, ते कधीच बंद झालंय. ते दुखणं वयाचं आहे असं तो आजवर समजत होता. तिसऱ्या हंगामात काकडी धरली. आकाराने थोडी लहान, पण तोडली की वासाने वाफा भरून जायचा, आणि चार-चार दिवस ठेवली तरी मऊ पडायची नाही. हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटायचं. मग तो म्हशीला सांगायचा.

माल झाला, पण तो घेणार कोण? तान्हूबाई म्हणाली, "तुमच्यापायी माझी पत गेली. मी न्हाई घेणार." म्हणून मळेकरी बाजाराच्या अगदी टोकाला, जिथे गाढवं बांधतात तिथे, पोतं अंथरून बसायला लागला. लोक येत, काकडीकडे बघत, त्याच्याकडे बघत. "हाच न्हवं त्यो?" असं एकमेकांना विचारत आणि पुढे जात. तो कुणाला बोलवायचा नाही. ढिगातली हाताला येईल ती काकडी उचलायचा, न धुता खायचा आणि बसून राहायचा. संध्याकाळी भरलेली पाटी घेऊन परत जायचा.

सर्वांत आधी आली ती तपकीरवाली म्हातारी. तिने त्याला खाताना बराच वेळ पाहिलं. "आता सोता खातूस व्हय?" ती म्हणाली. "खातो आजी," तो म्हणाला, "घरी बी हीच, हितं बी हीच. आता दोन वाफं न्हाईत." म्हातारीने एक काकडी घेतली. पुढच्या मंगळवारी चार घेतल्या आणि शेजारणीला बरोबर घेऊन आली. पेठेतली माणसं तिला ओळखत होती. हळूहळू गिऱ्हाईक यायला लागलं. प्रत्येक जण तोच एक प्रश्न विचारायचा, "फवारलीय का?" आणि तो प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचा, "न्हाई." वैतागायचा त्याला हक्क नव्हता, हे त्याला कळत होतं.

पण त्याचं लक्ष गिऱ्हाइकात नसायचंच. गर्दीत कुठे कापडी पिशवी दिसली की त्याची नजर आधी पिशवीवर आणि मग चेहऱ्यावर जायची. तिच्या घरी जाऊन पाय धरावेत असं पुष्कळदा मनात आलं. एकदा तर तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. आता त्याला अडवणारा मानीपणा उरला नव्हता. ज्या दारात सात वर्षं गेलो नाही, तिथे क्षमा मागायला कुठल्या तोंडाने जायचं, एवढंच होतं.

आणि एका मंगळवारी ती समोर येऊन उभी राहिली.

तिने "आबा" म्हटलं नाही. ढिगाकडे बघत विचारलं, "फवारलीय?"

पेठेतला प्रत्येक माणूस विचारायचा तोच प्रश्न, त्याच आवाजात. मळेकऱ्याला तो ऐकून कसं वाटलं, ते सांगायला नको. "न्हाई," तो म्हणाला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. परका माणूस खरं बोलतोय की खोटं, हे जोखायला आपण बघतो तसं बघितलं. मग अर्धा किलो काकडी घेतली आणि पैसे पुढे केले. "गोदा, तुझ्याकडनं पैसं कसं घेऊ?" तो म्हणाला. "मग ऱ्हाऊ द्या काकडी," ती म्हणाली. त्याने पैसे घेतले. लेकीच्या हातचे ते पैसे त्याला फार जड गेले.

पुढच्या मंगळवारी ती आली. पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही विचारलं. पावसाळा सरला, थंडी पडली, ती दर आठवड्याला यायची, दर वेळी विचारायची आणि तो दर वेळी उत्तर द्यायचा. त्याहून जास्त बोलणं व्हायचं नाही. घरी जाताना तो बैलांच्या पाठीकडे बघत मनात म्हणायचा, लेक येते तरी. एकटेपण होतं तेवढंच होतं, पण आता त्याला मंगळवारची वाट बघता येत होती.

मग एका मंगळवारी गोदा काकड्या निवडत असताना एक नवखी बाई तिथे आली. पेठेत नव्यानेच बिऱ्हाड केलेलं, कडेवर तान्हं लेकरू. तिने एक काकडी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि संशयाने विचारलं, "औषध मारलेली तर नाही ना हो? बाळाच्या आजीसाठी हवीय, तिला तसली सोसत नाही."

मळेकऱ्याने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच गोदा बोलली.

"न्हाई मारत," ती त्या बाईला म्हणाली. "बिनघोर घ्या. आमचाच मळा हाय त्यो."

बाईने काकड्या पिशवीत टाकल्या आणि गेली. मळेकऱ्याने हातातला तराजू खाली ठेवला. गोदा पोत्याच्या कडेला, त्याच्या शेजारी, पाय दुमडून बसली. पुढचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा काकड्या तिने तोलून दिल्या.

तात्पर्य: जे आपल्या लेकराला वाढताना हात मागे येतो, ते दुसऱ्याच्या ताटासाठी पिकवू नये. बाजारात पिशवी घेऊन उभा असलेला प्रत्येक माणूस कुणाचं तरी लेकरूच असतो.